होळकरी रुपया ऑनलाइन लिलावात विकताना आणि घेताना

इंदूरच्या जुन्या मराठी घरांत देवघरातली डबी उघडली की बहुधा दोन-चार नाणी निघतात. मल्हारनगर म्हणजे इंदूरच्याच टाकसाळीचा सूर्यमुखी रुपया, महेश्वरचा शिवलिंग आणि बेलपत्राचा रुपया, बसलेल्या नंदीचा तांब्याचा पाव आणा, नाहीतर दुसऱ्या यशवंतरावांची छबी असलेला १९३५चा अर्धा आणा. ही नाणी हल्ली ऑनलाइन लिलावात चढतात आणि तिथेच घेतलीही जातात. अडचण एकच आहे. नाणं विकणाऱ्याच्या हातात असतं आणि घेणाऱ्याला फक्त फोटो दिसतो. जे हातातल्या नाण्यावरून कळतं, ते सगळं आधीच समोरच्याला कळवलं तर सौदा सरळ होतो.

विकणाऱ्यांनी पहिली गोष्ट पाळायची ती म्हणजे नाणं घासायचं नाही. चिंच, लिंबू, पितांबरी, टूथपेस्ट यांतलं काहीही नको. दिवाळीला तांब्या-पितळ घासतात तशी नाणी घासली की धातूवर वर्षानुवर्षं चढलेली झाक जाते, बारीक ओरखडे पडतात आणि संग्राहक ते भिंगाखाली लगेच ओळखतात. भाव तिथेच पडतो आणि गेलेली झाक परत आणता येत नाही. धूळ असेल तर साध्या पाण्यातून काढून मऊ कापडावर टिपून घ्यावं, पुसू नये.

नंतर वजन. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा घरी असावा. नसेल तर दिवसा सराफ्यात जाऊन नाणं तोलून घ्यावं. रात्री तिथे दुकानं बंद होऊन खाण्याच्या गाड्या लागतात. नाणं काट्यावर ठेवूनच फोटो घ्यावा, म्हणजे आकडा आणि नाणं एकाच चौकटीत येतात. दोन्ही बाजूंचे फोटो खिडकीच्या तिरप्या उजेडात, फ्लॅश न वापरता घ्यावेत. तिसरा फोटो कडेचा, आणि एका फोटोत शेजारी पट्टी. नाणं कधी हारात ओवलेलं असेल, कडी झाळून नंतर काढलेली असेल, भोक बुजवलेलं असेल, तर ते वर्णनाच्या पहिल्या ओळीत लिहावं. हे लपवणारे बरेच असतात, आणि परत आलेल्या पार्सलांमागे हेच कारण सापडतं. टाकसाळ किंवा वर्ष नक्की वाचता येत नसेल तर तसं स्पष्ट लिहावं. अंदाजाला ‘दुर्मीळ’ हे नाव देऊ नये.

घेणाऱ्यांनी हातठोक नाण्यांचा एक गुण लक्षात ठेवावा. साचा हातोड्यानं ठोकून पाडलेली दोन नाणी कधीच हुबेहूब सारखी नसतात. एकात सूर्याची डावी बाजू कडेबाहेर जाते, दुसऱ्यात लेखातली वरची ओळ कापली जाते. म्हणून फोटो इमेज सर्चमध्ये टाकून जुन्या लिलावांतली तशीच नाणी शोधावीत. दोन वेगळ्या विक्रेत्यांच्या नाण्यांत तोच कापलेला कोपरा आणि तोच खड्डा दिसला, तर ती एका खऱ्या नाण्यावरून ओतलेली नक्कल असण्याची दाट शक्यता आहे. ओतीव नकलेत अक्षरांच्या कडा बोथट दिसतात, सपाट भागावर बारीक बुडबुडे असतात आणि कडेला शिवण किंवा ती घासल्याच्या खुणा असतात. कडेचा फोटो मागायचा तो याचसाठी. तो द्यायला कुणी टाळाटाळ करत असेल तर तिथे बोली लावू नये.

नाणं हातात आलं की लोहचुंबक लावावं. चांदी चिकटत नाही. पण पितळही चिकटत नाही, म्हणून पाण्याची चाचणी हवी. काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्यावर आणावा. नाणं बारीक दोऱ्यानं पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असं धरावं, चिकटलेले बुडबुडे झटकावेत आणि आकडा वाचावा. नाण्याच्या कोरड्या वजनाला त्या आकड्यानं भागलं की घनता मिळते. ब्रिटिश हिंदुस्थानचा १९४०पूर्वीचा चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा आणि ९१.७ टक्के चांदीचा. तो सुमारे १.१३ दाखवतो, म्हणजे घनता १०.३च्या आसपास. तेवढ्याच वजनाचा पितळी तुकडा १.३७च्या जवळ जातो. होळकरी रुपयांचं वजन नाण्यागणिक थोडं बदलतं, पण भागाकार ९च्या खाली आला तर चांदीचा दावा टिकत नाही. चाचणीचा व्हिडिओ पार्सल उघडण्यापासून सलग काढावा. वाद झाला तर तोच उपयोगी पडतो.

आता बोलीचं गणित. बऱ्याच साइटवर तुम्ही तुमची कमाल रक्कम टाकता आणि यंत्रणा तुमच्या वतीनं लागेल तेवढंच वाढवते. समजा तुमची कमाल ६,५०० आहे, दुसऱ्याची ५,२०० आणि वाढीचा टप्पा १००. नाणं तुम्हाला ५,३००ला मिळतं. म्हणून आधी शांतपणे आकडा ठरवून एकदाच टाकावा. मात्र ठरवताना कमिशन धरायला विसरू नये. लिलावगृहाचं कमिशन समजा १८ टक्के असेल, तर ५,३००वर ९५४ रुपये वाढतात, वर कर आणि टपालखर्च वेगळा. काही ठिकाणी ठरलेल्या सेकंदाला लिलाव बंद होतो, काही ठिकाणी शेवटच्या मिनिटांतल्या बोलीनं वेळ वाढते. नियम आधी वाचावा. वेळ वाढणारी पद्धत आम्हाला जास्त न्याय्य वाटते, कारण तिथे ज्याची तयारी जास्त त्याला नाणं मिळतं. नेट वेगवान असण्याचा फायदा होत नाही.

याच यंत्रणेचा गैरवापर म्हणजे खोटी बोली. विक्रेत्याचा भाऊ किंवा मित्र छोट्या छोट्या टप्प्यांनी बोली चढवत तुमची कमाल रक्कम चाचपून बघतो. खुणा ठरलेल्या असतात: बोली लावणारं खातं नवं, ते एकाच विक्रेत्याच्या मालावर बोली लावतं, कधीच जिंकत नाही, किंवा शिखर गाठून शेवटी बोली मागे घेतं. चुकून जिंकलंच, तर ‘गिऱ्हाइकानं पैसे भरले नाहीत’ म्हणून तेच नाणं आठवड्यात परत लिलावाला येतं. २००० साली ईबे या लिलावाच्या साइटवर एका चित्राची बोली १ लाख ३५ हजार डॉलरच्या वर गेली होती; विक्रेत्यानं स्वतःच्याच मालावर बोली लावल्याचं निघालं आणि विक्री रद्द झाली. स्वस्तात जाण्याची भीती असेल तर विकणाऱ्यानं सुरुवातीची किंमतच तेवढी ठेवावी किंवा राखीव किंमत लावावी, म्हणजे बोली तिथवर आली नाही तर नाणं विकलं जात नाही. मेहुण्याला बोली लावायला बसवणं म्हणजे घेणाऱ्याच्या खिशात हात घालणं आहे.

साइटवर विक्रेत्याच्या नावापुढे दिसणाऱ्या ताऱ्यांवर डोळे मिटून विसंबू नये. ईबेनं २००८मध्ये विक्रेत्यांना गिऱ्हाइकांबद्दल वाईट शेरा देण्याची सोय काढून घेतली, कारण उलट शेऱ्याच्या धाकानं गिऱ्हाइकं खरं लिहायला घाबरत होती. आपणही शेरे कशाबद्दल आहेत ते बघावं. मोबाइल कव्हर विकून मिळवलेले दोनशे चांगले शेरे चांदीच्या नाण्याबद्दल काहीच सांगत नाहीत. गेल्या वर्षभरातले, नाण्यांबद्दलचे आणि मधल्या दर्जाचे शेरे सावकाश वाचावेत.

पैसे साइटच्या आतच भरावेत. ‘बाहेर करू, कमिशन वाचेल’ असं म्हणणारा तुमचं संरक्षणही काढून घेतो. विकणाऱ्यांनी पैसे आल्याचा स्क्रीनशॉट मानू नये, बँकेच्या खात्यात बघावं. यूपीआयवर पैसे घेताना पिन लागत नाही. पिन मागितला किंवा क्यूआर स्कॅन करायला सांगितलं तर तिथेच थांबावं. तुमचं नाणं लाखांत घेतो, आधी नोंदणी फी भरा, असा रिझर्व्ह बँकेच्या नावानं निरोप आला तर तो खोटा आहे. असा व्यवहार बँक करत नाही, हे तिनं ऑगस्ट २०२१मध्ये जाहीर केलं आहे.

पाठवताना नाणं पुठ्ठ्याच्या चौकटीत घालावं. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ते हिरवं, चिकट होतं. दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये टेपनं बसवावं, हलवल्यावर आवाज येता कामा नये. पाकिटावर ‘चांदी’ लिहू नये आणि विमा उतरवावा.

कायद्याचंही बघावं. १९७२च्या पुरावस्तू कायद्यानं शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं पुरावस्तू ठरतं; ते परदेशी गिऱ्हाइकाला पाठवता येत नाही आणि अशा वस्तूंच्या धंद्याला परवाना लागतो. १९३५चा अर्धा आणा अजून शंभरीत आलेला नाही. जुना वाडा पाडताना जमिनीत हंडा सापडला, तर १८७८च्या कायद्यानुसार दहा रुपयांवरच्या ठेव्याची खबर आधी कलेक्टरला द्यावी लागते; तो लिलावात चढवता येत नाही.

फसवणूक झाली तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा. पैसे पुढच्या खात्यांत सरकण्याआधी अडवता येतात, म्हणून पहिले काही तास महत्त्वाचे. नाणं वर्णनाप्रमाणे नसेल तर साइटच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहावं. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्यानं ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. तो दिला नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. तक्रारीसोबत लिलावाच्या पानाची प्रत, सगळे निरोप, वजनाचा फोटो आणि पार्सल उघडल्याचा व्हिडिओ जोडावा. पान नंतर काढून टाकलं जातं, म्हणून त्याची प्रत बोली लावतानाच जतन करावी.