मारिओ बाव्हांचा ‘शॉक’: तुटपुंज्या पैशांतली भीती कशी पाहावी आणि कशी करून बघावी

मारिओ बाव्हा या इटालियन दिग्दर्शकाच्या हयातीत चित्रपटगृहांत लागलेला त्यांचा शेवटचा चित्रपट म्हणजे १९७७ सालचा ‘शॉक’. तो काळ त्यांच्यासाठी पडता होता. १९७३ साली त्यांनी मन लावून केलेल्या ‘लिसा अँड द डेव्हिल’ला विकत घेणारा मिळेना, तेव्हा निर्मात्याने त्यात भूतबाधा उतरवण्याची दृश्ये घुसवून तो वेगळ्याच नावाने बाजारात आणला. पुढच्याच वर्षी चित्रित केलेला एक गुन्हेगारीपट पैशांअभावी अडकला आणि त्यांच्या निधनानंतर कित्येक वर्षांनी, १९९० च्या दशकात, प्रेक्षकांसमोर आला. अशा दिवसांत साठी उलटलेल्या बाव्हांनी एक घर, मोजकी पात्रे आणि अगदी थोडे पैसे एवढ्या सामग्रीवर ‘शॉक’ उभा केला. घरही खास बांधलेले नव्हते, बरेचसे चित्रण एन्रिको मारिया सालेर्नो या इटालियन अभिनेत्याच्या घरात झाले. लघुपट करू पाहणाऱ्या मराठी तरुणांशी बोलताना ‘भयपटाला पैसा लागतो’ हे वाक्य वारंवार कानावर पडते, आणि प्रत्येक वेळी मला हा चित्रपट आठवतो. तो दोनदा पाहावा, एकदा प्रेक्षक म्हणून आणि एकदा कारागीर म्हणून.

पहिल्यांदा पाहण्यापूर्वी थोडी तयारी करावी. अमेरिकेत हा चित्रपट ‘बियाँड द डोअर टू’ या नावाने प्रदर्शित झाला, म्हणून तो कुठल्यातरी चित्रपटाचा दुसरा भाग असावा असा समज होतो. प्रत्यक्षात १९७४ च्या ‘बियाँड द डोअर’शी त्याच्या कथेचा काहीही संबंध नाही, फक्त डेव्हिड कोलिन ज्युनिअर हा बालकलाकार दोन्हींत आहे. तेव्हा पहिला भाग शोधत बसण्याचे कारण नाही. दुसरी गोष्ट आवाजाची. त्या काळी इटलीत संवाद बहुधा चित्रीकरणानंतर स्टुडिओत भरले जात असल्यामुळे इटालियन आणि इंग्रजी या दोन्ही आवृत्त्यांत ओठ आणि शब्द पूर्ण जुळत नाहीत. हा दोष न मानता एक आवृत्ती निवडावी आणि शेवटपर्यंत तीच ठेवावी. रात्री, दिवे मालवून, शक्यतो इअरफोन लावून पाहावे, कारण रिकाम्या घराचे बारीक आवाज आणि ‘ई लिब्रा’ या रॉक बँडचे संगीत मोबाइलच्या स्पीकरमध्ये पार हरवून जाते. मुलांना सोबत बसवू नये. यात रक्तपात आहे, अमली पदार्थ आहेत आणि आई-मुलाच्या नात्यावर पडलेली सावली मोठ्या माणसालाही अस्वस्थ करते.

कथा इतकीच माहीत असलेली पुरे. दोरा आपला दुसरा नवरा ब्रुनो आणि पहिल्या नवऱ्यापासून झालेला मुलगा मार्को यांच्यासह जुन्या घरी राहायला परत येते. पहिला नवरा कार्लो व्यसनाधीन होता आणि त्याच्या मृत्यूनंतर दोराचे मानसिक संतुलन ढळले होते. ब्रुनो वैमानिक असल्याने वरचेवर घराबाहेर असतो आणि मार्कोचे वागणे दिवसेंदिवस बदलत जाते. दारिया निकोलोदी यांनी दोराची भूमिका ज्या ताकदीने पेलली आहे, ती पाहता माझ्या मते निम्मा चित्रपट त्यांच्या चेहऱ्यावरच घडतो. पैसे कमी असताना सर्वांत मोठा खर्च चांगल्या नटावर करावा, हे त्यातून उघड दिसते. पहिल्या वेळी कुठेही न थांबता शेवटपर्यंत जावे.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी वाचन इथेच थांबवावे, कारण पुढे युक्त्या उघड केल्या आहेत.

दुसऱ्या वेळी वही घेऊन बसावे आणि भीती कोणत्या वस्तूमुळे वाटली ते प्रत्येक वेळी थांबवून लिहावे. यादी नवल वाटण्याइतकी साधी निघते: चिनीमातीचा पांढरा हात, पियानोच्या पट्ट्या, बागेतला झोका, चेहरा कापून काढलेला फोटो, तळघरातली भिंत. यांतली एकही वस्तू महाग नाही. झोका आणि फोटो यांची जोड विशेष लक्षपूर्वक पाहावी. इकडे मुलगा ब्रुनोचा फोटो झोक्यावर ठेवून हलवतो, तिकडे ब्रुनोचे विमान हेलकावे खाऊ लागते. दोन साधी दृश्ये एकापुढे एक ठेवली की करणीचा संशय प्रेक्षक स्वतःच पुरा करतो, त्यासाठी आकाशात काहीही घडवावे लागत नाही.

आता मार्को आईकडे धावत येतो तो शॉट काढावा. मुलगा कॅमेऱ्याच्या दिशेने पळत येतो, जवळ येताच फ्रेमच्या खालच्या कडेखाली दिसेनासा होतो आणि त्याच क्षणी तिथूनच मेलेल्या कार्लोचा चेहरा वर येतो. मध्ये कट नाही, प्रयोगशाळेतली करामत नाही. मोठा नट फ्रेमखाली दबा धरून बसला होता, एवढेच.

हा शॉट घरी करून बघता येतो. घरातल्या लांब पॅसेजच्या एका टोकाला मोबाइल ट्रायपॉडवर मोठ्या माणसाच्या छातीच्या उंचीवर पक्का करावा. मूल पुरेसे जवळ आले की त्याचे डोके फ्रेमच्या खालच्या कडेखाली जाईल, अशा बेताने मोबाइलचा कल ठरवावा. मोठ्या माणसाने ट्रायपॉडच्या पुढ्यात, किंचित एका बाजूला उकिडवे बसावे, म्हणजे मूल दुसऱ्या बाजूने सुटून जाईल आणि टक्कर होणार नाही. मूल दिसेनासे होते आणि माणूस उठतो यांत अर्ध्या श्वासाचेही अंतर पडता कामा नये, म्हणून आधी दहा-बारा वेळा कॅमेरा बंद ठेवून नुसती तालीम घ्यावी. मी हा प्रयोग पुतण्याला घेऊन केला तेव्हा वेळ साधली, पण बसलेल्या माणसाची सावली समोरच्या फरशीवर आधीच पडली आणि सारे फुकट गेले. म्हणून दिवा कॅमेऱ्यामागे न ठेवता पॅसेजच्या लांबच्या टोकाला आणि उंचावर ठेवावा.

दुसरा शॉट बिछान्यातला. दोरा पडलेली असते आणि तिचे केस कुणीतरी अदृश्य हाताने कुरवाळावेत तसे आपोआप सरकू लागतात. तत्त्व असे की बिछाना, नटी आणि कॅमेरा एकत्र बांधून फिरवले तर पडद्यावर काहीच फिरताना दिसत नाही, फक्त मोकळे केस जमिनीच्या ओढीने घरंगळतात. घरी कुणालाही पलंगाला बांधून फिरवण्याचे धाडस करू नये. त्याऐवजी भिंतीवर बिनसुरकुतीची, एकरंगी चादर ताणून लावावी, लांब केसांच्या व्यक्तीला तिच्यापुढे स्टुलावर बसवावे आणि समोरून फक्त चेहरा व केस फ्रेममध्ये घ्यावेत. मग त्या व्यक्तीने कमरेतून सावकाश एका कुशीकडे कलावे आणि मोबाइल धरणाऱ्याने नेमका तेवढाच, त्याच बाजूला मोबाइल कलता करावा. चेहरा स्थिर राहील आणि केस एका बाजूला सरकतील. चादरीवर नक्षी असेल तर फसवणूक लगेच उघडी पडते. प्रकाशही खिडकीतल्यासारखा मऊ आणि समोरून हवा, नाहीतर नाकाची सावली चेहऱ्यावर फिरताना दिसते.

बाव्हांना हे सारे वारशाने आले होते. वडील एउजेनिओ मूकपटांच्या काळात कॅमेरा आणि युक्तिदृश्यांचे काम करीत, आणि मारिओ स्वतः आधी अनेक वर्षे छायालेखक होते. ‘शॉक’च्या पटकथेत आणि चित्रीकरणात त्यांचा मुलगा लांबेर्तो यांचा मोठा हात होता, काही दृश्ये त्यांनीच घेतली. १९८० च्या एप्रिलमध्ये मारिओ गेले आणि त्याच वर्षी लांबेर्तोंचा स्वतंत्र दिग्दर्शनाचा पहिला चित्रपट आला.

दोन्ही शॉट जमले की ते आवाज बंद करून घरातल्या एखाद्या अनभिज्ञ माणसाला दाखवावेत. संगीताशिवायही तो दचकला, तरच त्यांवर आवाज चढवायला घ्यावा.