प्रोस्टेट कॅन्सरनंतरचा फॉलो-अप: ‘नॉर्मल आहे’ म्हणायच्या आधी या चुका टाळा

यवतमाळ-वर्ध्याकडच्या गावांत कॅन्सरच्या पेशंटचा फॉलो-अप बघताना तेच ते घोटाळे पुन्हा पुन्हा समोर येतात. ऑपरेशन नागपूरला, रेडिएशन सेवाग्रामला, इंजेक्शन तालुक्याला आणि रक्ततपासणी बाजाराच्या दिवशी जी लॅब उघडी दिसेल तिथं. प्रत्येक ठिकाणचा डॉक्टर आपल्यापुरतं काम नीट करतो. सगळं एकत्र बघणारं मात्र कोणी नसतं. प्रोस्टेटचा कॅन्सर बहुतेकदा सावकाश चालतो, त्यामुळं ही ढिलाई दोन-तीन वर्षं खपून जाते आणि मग एकदम अंगावर येते.

‘रिपोर्ट नॉर्मल आला’

या एका वाक्यानं माझं डोकं उठतं. पीएसए म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीत तयार होऊन रक्तात उतरणारं एक प्रथिन. त्याच्या तपासणीच्या कागदावर बाजूला छापलेलं असतं: 0 ते 4. ही मर्यादा ज्याच्या पोटात प्रोस्टेट ग्रंथी आहे त्या माणसासाठी. ज्याची पूर्ण ग्रंथी कॅन्सरसाठी काढून टाकली, त्याच्या रक्तात पीएसए जवळपास सापडायलाच नको. ऑपरेशननंतर साधारण सहा ते आठ आठवड्यांत तो तळाला जातो. पुढं कधी तो 0.2 किंवा त्याहून वर आला आणि दुसऱ्या तपासणीतही तसाच निघाला, तर आजार परत डोकं वर काढतोय असं धरतात. लॅबच्या मशीनला हे काय माहीत? 4 च्या आत आहे ना, मग ते ठळक अक्षरात छापत नाही.

एका कास्तकाराची गोष्ट सांगतो. नागपूरला पूर्ण ग्रंथी काढलेली, पहिला पीएसए अगदी नगण्य. नंतर नागपूरच्या चकरा बंद झाल्या, तपासणी तालुक्यालाच. 0.3 आला. पुढच्या खेपेला 0.8. मग 1.9. प्रत्येक वेळी पोरानं कागद जवळच्या डॉक्टरला दाखवला आणि प्रत्येक वेळी उत्तर मिळालं, नॉर्मल आहे, काही टेन्शन नाही. तीन रिपोर्ट तीन लॅबचे, तीन वेगवेगळ्या कॅरीबॅगांत. एक खुंटीला, एक पेटीत, एक खताच्या बिलांसोबत. मी ते खाटेवर ओळीनं मांडले तेव्हा पोरगा म्हणाला, “रिपोर्टवर त नॉर्मलच लिवलं होतं नं भाऊ.” त्याचं काय चुकलं? लिहिलेलं तसंच होतं. पण अशा वेळी जे रेडिएशन देतात त्याचा फायदा पीएसए 0.5 च्या खाली असताना सगळ्यात चांगला मिळतो, आणि ती वेळ ‘नॉर्मल, नॉर्मल’ म्हणता म्हणता निघून गेली होती. नंतर रेडिएशनही झालं आणि सोबत हार्मोनचं इंजेक्शनही लागलं.

उलट प्रकारही होतो. ज्याला ऑपरेशन नाही, फक्त रेडिएशन झालंय, त्याचा पीएसए हळूहळू उतरतो, तळ गाठायला दीड-दोन वर्षंही लागतात. मध्येच थोडा वर जाऊन आपोआप खालीही येतो. तिथं हिशेब असा, की सगळ्यात खाली जो आकडा गेला होता त्याच्या वर 2 ने चढला तर काळजी. म्हणजे 1.5 हा आकडा एका पेशंटसाठी धोक्याची घंटा आणि शेजारच्या घरातल्या पेशंटसाठी चांगली बातमी. म्हणून शेजाऱ्याच्या रिपोर्टशी आपला रिपोर्ट लावून बघणाऱ्यांवर मी सरळ चिडतो.

माझी सवय: शंभर पानी वही, एका पेशंटला एक. तारीख, पीएसएचा आकडा, लॅबचं नाव, बस. लॅब शक्यतो बदलायची नाही, कारण दोन लॅबच्या पद्धती वेगळ्या असल्या की बारीक आकडे जुळत नाहीत. फोनवर “कसा आला?” असं मी विचारत नाही, “पॉइंटसकट आकडा सांगा” म्हणतो. ‘पॉइंट तीन’चं ‘तीन’ आणि ‘तीन’चं ‘पॉइंट तीन’ व्हायला फार वेळ लागत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवणारे बहाद्दर आकडा तेवढा मोठा करून पाठवतात, तारीख आणि नाव कापलेलं. असा फोटो मी परत मागवतो. आकडा अचानक वाढलेला दिसला तर लघवीला जळजळ, ताप, नुकतीच नळी घातली होती का, हे आधी विचारा. ग्रंथी शाबूत असेल तर संसर्गानंही पीएसए चढतो.

कोणतं ऑपरेशन झालं, हेच माहीत नसणं

“बाबांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं” या वाक्याचे आपल्याकडं तीन अर्थ निघतात: लघवी मोकळी व्हावी म्हणून दुर्बिणीतून ग्रंथी खरवडली, कॅन्सरसाठी पूर्ण ग्रंथी काढली, किंवा हार्मोन बंद करण्यासाठी दोन्ही अंडकोष काढले. तिन्हींचा पुढचा हिशेब वेगळा. घरच्यांना विचारण्यात अर्थ नाही, डिस्चार्ज कार्ड आणि बायोप्सीचा रिपोर्ट बघा. कॅन्सर किती आक्रमक आहे ते सांगणारा ग्लिसन स्कोअर त्यातच असतो. हे कागद पेटीत ठेवून नागपूरला रिकाम्या हातानं जाणारे महाभाग मी मोजायचं सोडून दिलंय.

इंजेक्शनची तारीख पंचांगावर ठरवणं

हार्मोन बंद करणारं इंजेक्शन जूनमध्ये आलं की पेरणी आडवी येते, दिवाळीच्या आसपास कापसाची वेचणी, उन्हाळ्यात लग्नं. “पंधरा दिवसानं काय होते?” असं म्हणून ते ढकललं जातं. होतं ते असं की दबलेलं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे या कॅन्सरला खतपाणी घालणारं पुरुषी हार्मोन, पुन्हा वर यायला लागतं. त्यातही गंमत अशी, की ‘महिन्याचं’ इंजेक्शन म्हणजे 28 दिवसांचं आणि ‘तीन महिन्यांचं’ म्हणजे बऱ्याचदा 12 आठवड्यांचं. ‘दर महिन्याच्या पाच तारखेला’ असं धरणारा माणूस जवळजवळ दर खेपेला दोन-तीन दिवस उशिरा असतो, आणि वर पेरणी.

याहून वाईट म्हणजे डोस बदलणं. तालुक्याच्या मेडिकलमध्ये तीन महिन्यांचं मिळालं नाही, दुकानदारानं त्याच नावाचं महिन्याचं दिलं, सिस्टरनं टोचलं आणि घरच्यांनी पुढची तारीख तीन महिन्यांनंतरची धरली. म्हणून इंजेक्शन चालू असताना पीएसए वाढला तर नवीन औषधाची चर्चा करण्याआधी मी दोन गोष्टी विचारतो: मागचं खोकं कुठंय, आणि टेस्टोस्टेरॉन तपासलं का? ते डेसिलिटरला 50 नॅनोग्रॅमच्या खाली असायला हवं. नसेल तर आधी इंजेक्शनाचाच घोळ शोधा.

खोकं फेकायचं नाही. त्याचा मिलिग्रॅम लिहिलेला भाग कापून वहीत चिकटवायचा. मेडिकलला आठवडाभर आधी सांगून ठेवायचं. काही इंजेक्शनं फ्रिजमध्येच ठेवावी लागतात, काहींना 25 अंशांपर्यंत चालतं, ते खोक्यावर वाचायचं. मे महिन्यात आपल्याकडं 45 च्या पुढं पारा जातो, तेव्हा मोटारसायकलच्या डिकीत टाकून आणलेल्या औषधाची हमी कोण देणार? बर्फाच्या पाकिटासोबत थर्मासमध्ये आणा, पण बर्फ औषधाला चिकटू देऊ नका. आणि अंडकोष काढले असतील तर हे महागडं इंजेक्शन लागत नाही. हे सांगावं लागतं, कारण दोन्ही घेणारा पेशंट मी पाहिलाय.

नवीन पोरं कामाला येतात, पहिल्याच आठवड्यात मोबाइलवर रिमाइंडर लावतात, ग्रुप काढतात आणि काम झालं समजतात. रिमाइंडर वाजतो तेव्हा मोबाइल पोराच्या खिशात पुण्याला असतो. घरात जो माणूस गावात राहतो तोच वहीचा मालक. बहुतेक वेळा ती सून असते, कधी शाळेतला नातू.

कंबरदुखीला ‘वय झालं’ म्हणणं

यावर मात्र मी कोणाचं ऐकत नाही. प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत जातो तेव्हा मणके ही त्याची आवडती जागा. नवीन पाठदुखी, रात्री झोपल्यावर वाढणारी, आणि त्यासोबत पाय जड पडणं, चालताना तोल जाणं, मांड्यांच्या आत बधिरपणा, लघवी-संडास अडकणं किंवा न कळत होणं, यातलं काहीही दिसलं तर मणक्यातली नस दबत असू शकते. दुखणं घालवायचं इंजेक्शन, मालिश, हाडवैद्य यातलं काहीही करू नका. त्याच दिवशी एमआरआयची सोय असलेलं मोठं हॉस्पिटल गाठा. चालता येत असताना पोचलेला पेशंट पुढंही चालण्याची शक्यता बरीच असते. पाय गेल्यावर पोचलेल्याचे पाय परत येणं अवघड. सोमवारच्या ओपीडीची वाट बघत बसणाऱ्यांना मी दारात उभं राहून गाडीत बसवलंय.

बाकीच्या, थोडक्यात

रेडिएशननंतर वर्ष-दोन वर्षांनी संडासातून रक्त आलं की लगेच मूळव्याधीची पुडी सुरू होते. आधी जिथं रेडिएशन झालं त्यांना विचारा.

हाडांसाठी सलाइनमधून झोलेड्रोनिक अ‍ॅसिड द्यायचं ठरलं तर त्याआधी दातांच्या डॉक्टरकडं जा. खर्रा खाऊन ज्यांचे दात हलतायत त्यांनी तर जाच. नंतर दात काढला तर जबड्याची जखम भरत नाही असं होऊ शकतं. किडनीसाठी क्रिएटिनिनही दर वेळी बघायचं.

अबिराटेरोन ही कॅन्सरची हार्मोनविरोधी गोळी रिकाम्या पोटी. जेवणानंतर दोन तास, आणि घेतल्यावर एक तास काही खायचं नाही. त्यासोबतची प्रेडनिसोलोन “स्टेरॉइड वाईट असते” असं पारावर ऐकून बंद करू नका. बीपी, पोटॅशियम, लिव्हर आणि शुगर तपासत राहा.

हार्मोन बंद केल्यावर घामाच्या लाटा येतात, स्नायू गळतात, हाडं ठिसूळ होतात, शुगर चढते. रोज चालणं आणि कॅल्शियम-व्हिटॅमिन डी, एवढं तरी डॉक्टरांना विचारून करा. हाडांची डेक्सा तपासणी नागपूरच्या चकरेतच उरकून घ्या.

सुनेसमोर विचारणं

लघवी गळते का, हा प्रश्न सुनेसमोर विचारला तर सगळे बाबाजी ठणठणीत असतात. सुनेला चहा ठेवायला पाठवा आणि मग विचारा. तेव्हा कळतं की धोतराच्या आत फडकं असतं, एसटीत ओलं व्हायला नको म्हणून नागपूरला जायच्या आदल्या रात्रीपासून पाणी बंद असतं, तेही आपल्या उन्हात. त्यातून मग लघवीचा संसर्ग आणि पुढच्या खेपेला “मी नाही येत.” फॉलो-अप चुकण्याचं हे कारण कुठल्याच कागदावर लिहिलेलं नसतं. ओटीपोटाखालचे स्नायू आवळण्याचा व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घेतला तर बऱ्याच जणांचं गळणं महिन्यांत कमी होतं. आठ दिवस करून “फरक नाही” म्हणणाऱ्यांनी तक्रार करू नये. धार बारीक होत चालली असेल तर मात्र ते वेगळं दुखणं, मूत्रमार्ग आकुंचन पावलेला असू शकतो, ते युरॉलॉजीलाच दाखवायचं. प्रवासाला मोठ्यांचे डायपर मेडिकलवर मिळतात. मागायला लाज वाटते म्हणून मी चिठ्ठीवर लिहून देतो.

खर्चाचं म्हणाल तर हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला महात्मा फुले जन आरोग्य योजनेत फॉलो-अपचं काय बसतं ते खेपेच्या आधी विचारा, रांगेत उभं राहिल्यावर नाही. रेशनकार्ड आणि आधारकार्ड वहीच्याच पिशवीत ठेवा. 75 पूर्ण झालेल्यांना एसटी फुकट आहे. रेल्वेनं जायचं असेल तर कॅन्सर पेशंटला आणि सोबतच्या एकाला सवलत मिळते, त्यासाठी हॉस्पिटलचा ठरावीक फॉर्म सही-शिक्क्यानिशी आदल्या खेपेलाच भरून आणायचा.