फॉल्स सीलिंगमध्ये दिवे बसवताना या चुका टाळा

छतात बसवलेल्या दिव्यांविषयीच्या बहुतेक तक्रारींचे मूळ दिव्यात नसते, ते भोके पाडण्याच्या घाईत असते. सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे सामान कुठे येणार हे ठरण्यापूर्वीच छतावर समान अंतराच्या ओळी आखणे. नकाशावर त्या देखण्या दिसतात. परंतु स्वयंपाकघरातला दिवा उभ्या माणसाच्या पाठीमागे आला की त्याचीच सावली ओट्यावर पडते आणि उशीच्या वरचा दिवा थेट डोळ्यांत जातो. मी प्रथम सामानाच्या जागा जमिनीवर खडूने आखतो आणि ओट्यावरचा दिवा ओट्याच्या पुढच्या कडेच्या बरोबर वर घेतो. दोन दिव्यांत छताच्या उंचीच्या निम्मे अंतर ठेवण्याचा ठोकताळा सुरुवातीपुरता ठीक आहे, मात्र बीम अँगल (प्रकाशाचा झोत पसरण्याचा कोन) न पाहता तो वापरू नये, कारण २ मीटर खाली २४ अंशांचा झोत सुमारे ८५ सेंटिमीटर रुंद पडतो, तर ६० अंशांचा सुमारे २.३ मीटर.

दुसरी चूक अधिक गंभीर आहे, कारण ती छताआड लपते. एका घरात दिवे लावल्यावर तासाभराने मिणमिणू लागत आणि थोडा वेळ बंद ठेवले की पुन्हा नीट चालत. घरमालकांनी दिवे बदलून पाहिले, तरी उपयोग झाला नाही. सीलिंग उघडल्यावर दिसले, की आवाज अडवण्यासाठी पसरलेल्या ग्लासवूलखाली सगळे ड्रायव्हर, म्हणजे एलईडी दिव्यांना योग्य वीज पुरवणारे छोटे डबे, गाडले गेले होते आणि वायरींचे जोड नुसती टेप गुंडाळून सोडले होते. ड्रायव्हरमधील कपॅसिटरचे आयुष्य तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की साधारण निम्मे होते. कोंडलेल्या उष्णतेत दुसरे काय होणार? आम्ही ग्लासवूल मागे सारले, ड्रायव्हर बदलून मोकळ्या जागी ठेवले आणि प्रत्येक जोड कनेक्टर लावून जंक्शन बॉक्समध्ये घेतला. इन्सुलेशनखाली चालेल असे उत्पादकाने स्पष्ट लिहिलेले नसेल, तर दिवा झाकूच नये. झाकलेल्या छतात टेपचे जोड सोडणाऱ्याला मी पुन्हा काम देत नाही.

पंख्याच्या पात्यांवर दिवा आणू नका. प्रकाश सतत थरथरतो. एकाच खोलीत ३००० केल्विनचे (पिवळसर) आणि ६५०० केल्विनचे (निळसर पांढरे) दिवे मिसळू नका. प्रकाश कमी-जास्त करणारा डिमर हवा असल्यास ड्रायव्हर डिमेबल आहे आणि त्या डिमरशी जुळतो, याची खात्री खरेदीपूर्वीच करा. शॉवरच्या वर आयपी ६५ दर्जाचा (धूळ आणि पाण्याचे फवारे आत न शिरू देणारा) दिवा घ्या.

भोकाचा व्यास दिव्याच्या बाहेरच्या कडेवरून कधीही मोजू नका. डब्यावर कटआउटचे, म्हणजे पाडायच्या भोकाचे, माप वेगळे दिलेले असते. नवखे कारागीर इथेच घाई करतात आणि मोठे झालेले भोक लहान करता येत नाही, म्हणून मी टाकाऊ जिप्समच्या तुकड्यावर एक भोक पाडून त्यात दिवा बसवून पाहतो. त्याच खरेदीत एकदोन दिवे जादा घेऊन ठेवावेत, कारण पुढे त्याच मापाचा आणि त्याच छटेचा दिवा मिळेलच असे नाही.