एमओटीच्या आधी फ्रिजवरचं मॅग्नेट काढा

माझी लाल माझ्दा एमएक्स-५, कापडी छपराची दोन सीटांची गाडी, २००३ची. इथे ब्रिटनमध्ये त्या पिढीला एनबी म्हणतात. वुल्व्हरहॅम्प्टनला घरासमोर उघड्यावर उभी असते आणि दर मार्चमध्ये एमओटीला, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का ते बघणाऱ्या सक्तीच्या वार्षिक तपासणीला जाते. इंजिनाची काळजी सगळे करतात, पण ही गाडी इंजिनामुळे क्वचित नापास होते. ती नापास होते पत्र्यामुळे.

मी मूळची मालवणची. खिडक्यांचे गज दर पावसाळ्यानंतर खरवडून रंगवताना बाबा म्हणायचे, "खारो वारो लोखंडाक खाता." इथे समुद्र लांब आहे, पण हिवाळ्यात बर्फ धरू नये म्हणून रस्त्यांवरच मीठ टाकतात.

तर आधी सिल बघा. दाराखालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणारा पत्रा म्हणजे सिल. त्याचा मागच्या चाकाजवळचा वीतभर भाग आतून कुजतो, त्यामुळे बाहेर रंगाला फोड येईपर्यंत आत चाळण झालेली असते. मी गाडी घेतली तेव्हा तो भाग आरशासारखा चकचकीत होता. पुढे कळलं, आधीच्या मालकाने लांबी (पुटी) भरून वर रंग मारला होता. आता मी सिंधुदुर्ग किल्ल्याचं फ्रिजवरचं मॅग्नेट पातळ रुमालात गुंडाळून सिलवरून फिरवते. जिथे ते धरत नाही, तिथे पत्रा नाही, लांबी आहे. सस्पेन्शन किंवा सीटबेल्ट जिथे बसवलेला असतो त्यापासून ३० सेंटिमीटरच्या आत पत्रा कमकुवत झालेला असेल, तर गाडी नापास. लांबी भरणं ही तिथे दुरुस्ती धरत नाहीत, वेल्डिंगच हवं.

गंमत म्हणजे याचं मूळ छपरात आहे. कापडी छपरावरचं पाणी सीटच्या मागे दोन्ही बाजूंच्या भोकांतून नळीवाटे खाली, मागच्या चाकाच्या पुढे सुटतं. पानांचा चोथा बसला की ती नळी तुंबते आणि पाणी सिलमध्ये आणि गालिच्याखाली उतरतं. सकाळी काच आतून धुरकट दिसत असेल तर हेच समजा. छप्पर उघडा, टॉर्च मारून भोक शोधा, अर्धा कप पाणी ओता आणि खाली वाकून बघा. पाणी लगेच बाहेर आलं पाहिजे. नाही आलं तर गवत कापायच्या मशीनची जाड नायलॉनची दोरी हळूहळू आत घाला. लोखंडी तार नको, हवेचा प्रेशर तर मुळीच नको. नळी फाटते किंवा आतल्या आत निसटते. मी हे वर्षातून दोनदा करते, पानगळ संपल्यावर आणि एमओटीच्या महिनाभर आधी. आणि कुजलेल्या सिलखाली जॅक लावू नका, तो आत घुसतो.

एनबीचं दुसरं दुखणं पुढच्या चासीचं. तिथे पत्रा दुहेरी आहे, मध्ये पाणी साचतं. नेमकं सस्पेन्शनजवळ भोक पडतं आणि वेल्डिंगचं बिल भारी येतं. एनबी विकत घेणार असाल तर आधी ती लिफ्टवर चढवून हाच भाग बघा, गाडीचा जुना एमओटी इतिहास सरकारी संकेतस्थळावर नंबर टाकून फुकट वाचा, आणि तीन वर्षं "गंज" असा शेरा असताना चौथ्या वर्षी तो गायब झाला असेल तर पावती मागा.

मागचे ब्रेकही बघा. हँडब्रेकची यंत्रणा मागच्या कॅलिपरमध्येच, म्हणजे ब्रेकचे पॅड तबकडीवर दाबणाऱ्या भागातच असते आणि कॅलिपरच्या सरकत्या पिना गंजून अडकतात. मग एक चाक धरतं, दुसरं नाही, आणि ब्रेक तपासायच्या रोलरवर दोन्हींतला फरक लगेच उघडा पडतो. पिना काढून साफ करून ब्रेकचं खास ग्रीस लावायचं, त्यानंतर केबल ताणायची. बरेच जण नुसती केबल ताणतात, तेवढ्याने भागत नाही.

सस्पेन्शनच्या सांध्यातले रबरी बुश, बॉल जॉइंटची फाटलेली रबरं, तुटलेली कॉइल स्प्रिंग हे चाकं काढून एकदा बघून घ्या. टायरची खाच किमान १.६ मिलिमीटर खोल हवी. नंबरप्लेटचा दिवा, हॉर्न, वायपरचं पाणी, डॅशबोर्डवर पेटून राहिलेला एअरबॅगचा दिवा: दहा मिनिटांचं काम.

धुराची परीक्षा मी एकदा स्वतःच्या आळसाने घालवली. गाडी आदल्या संध्याकाळीच गॅरेजात सोडून आले. सकाळी थंड कन्व्हर्टरवर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग, तो गरम झाल्यावरच नीट काम करतो) तपासणी झाली आणि कार्बन मोनॉक्साइड मर्यादेबाहेर. आता मी वेळ ठरवून घेते, एम५४ या महामार्गावर टेलफर्डच्या दिशेने वीस मिनिटं जाऊन येते, आणि इंजिन गरम असतानाच किल्ली हातात देते.

तपासणीची तारीख जुन्या एमओटीची मुदत संपायच्या एक महिना वजा एक दिवस आधीची घ्या. पुढच्या वर्षीची तारीख बदलत नाही, आणि नापास झालीच तर वेल्डिंगवाला शोधायला सवड मिळते. गाडी त्याच गॅरेजात दुरुस्तीला ठेवून दहा कामकाजाच्या दिवसांत फेरतपासणी झाली, तर तिचे वेगळे पैसे पडत नाहीत. मात्र शेऱ्यात "धोकादायक" असा शब्द आला, तर जुनी मुदत शिल्लक असली तरी गाडी चालवत घरी आणू नका. टो करून न्या.