गाडीच्या पेंटसाठी कडक कटिंग कंपाउंड कसं निवडावं

काळी गाडी उन्हात उभी करा आणि बॉनेटवर सूर्याचं प्रतिबिंब जिथे पडतं तिथे जरा वाकून बघा. त्या तेजाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल बारीक ओरखडे दिसतील. रोज सकाळी कोरड्या फडक्यानं धूळ पुसली की हे होणारच. गॅरेजमध्ये त्यावर एकच उपाय सांगतात, 'रबिंग-पॉलिश मारून घ्या'. ज्याला हे घरीच करायचं असतं तो ऑनलाइन सगळ्यात कडक कंपाउंड शोधायला लागतो, आणि गडबड तिथूनच सुरू होते.

कंपाउंड ओरखडा भरत नाही. त्यात ॲल्युमिनियम ऑक्साइडसारखे घासणारे बारीक कण असतात आणि ते ओरखड्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, ओरखड्याच्या तळापर्यंत उतरवतात. कंपनीतून आलेल्या गाडीवर प्रायमर, रंग, क्लिअर असं सगळं मिळून साधारण ९० ते १५० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थर असतो. त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनच्या आसपास. लोकरी पॅड आणि कडक कंपाउंड घेऊन एकदा नीट काम केलं की त्यातले दोन-चार मायक्रॉन सहज जातात. उन्हापासून रंगाचा बचाव करणारी रसायनंही याच थरात असतात. तो फार पातळ झाला की पुढे छतावर आणि बॉनेटवर पांढरट पापुद्रे सुटायला लागतात, आणि मग पॅनल पुन्हा रंगवण्याशिवाय इलाज राहत नाही.

म्हणून निवडीचा क्रम उलटा ठेवा. आधी गाडी बघा, मग ओरखडा, मग मशीन आणि पॅड. बाटली सगळ्यात शेवटी. 'कडकपणा' एकट्या बाटलीत नसतो. तेच कंपाउंड मऊ फोमवर निमूट वागतं आणि लोकरीवर थर खातं.

१. थर मोजा, निदान अंदाज तरी घ्या

पेंटची जाडी मोजणारा गेज मिळाला तर उत्तम, एखाद्या डिटेलिंगवाल्याकडे चौकशी करा. स्टील आणि ॲल्युमिनियम दोन्हींवर चालणारा हवा. प्लॅस्टिकच्या बंपरवर साधा गेज चालत नाही. पहिलं रीडिंग दार उघडून आतल्या कडेच्या पत्र्यावर घ्या, कारण तिथे कोणी मशीन लावलेलं नसतं. बाहेरच्या पत्र्याइतकं क्लिअर तिथे नसेलही, पण मूळ रंगाचा अंदाज येतो. मग बॉनेट, छत, चारही दारं, डिकी. एका पॅनलवरही तीन-चार ठिकाणी मोजा. शेजारच्या पॅनलपेक्षा बॉनेटचा आकडा बराच कमी आला, तर आधी कोणीतरी तिथे रबिंग केलेलं आहे. आकडा २०० च्या वर गेला तर तो पॅनल बहुधा पुन्हा रंगवलेला आहे. काहीशे मायक्रॉनच्या घरात गेला तर खाली पुटी आहे.

आकडा मोठा दिसला म्हणून बिनधास्त घासू नका. गेज एकूण जाडी सांगतो, क्लिअर किती ते सांगत नाही. डेंटिंग-पेंटिंगच्या कामात खाली पुटी-प्रायमर भरपूर आणि वर क्लिअर जेमतेम, असं सर्रास असतं.

जुन्या ॲम्बेसेडर किंवा पद्मिनीसारख्या गाड्यांवर साधा रंग असेल तर वर क्लिअर कोट नसतोच. तिथे पॅड गाडीच्या रंगाचं होणारच, घाबरायचं कारण नाही. मात्र आजच्या मेटॅलिक गाडीवर पॅडला रंग आला तर मशीन तिथेच बंद करा. क्लिअर संपलेलं आहे.

२. ओरखडा कोणत्या जातीचा आहे ते ओळखा

गाडी धुवा, वाळवा, क्ले बार (घाण उचलणारी मऊ मातीसारखी वडी) फिरवून चिकटलेली घाण काढा. घाणीसकट पॅड फिरवलं तर ओरखडे काढता काढता नवे पाडाल. मग तिरप्या प्रकाशात, मोबाइलच्या टॉर्चनं का होईना, प्रत्येक पॅनल बघा.

ओरखड्यावरून नख आडवं फिरवा. नख अडकलं तर तो कंपाउंडनं पूर्ण जाणारा नाही. त्याच्या कडा बोथट करून तो कमी दिसेलसा करता येतो, एवढंच. त्याच्यासाठी आणखी कडक कंपाउंड घेणं म्हणजे एका रेषेपायी अख्खं पॅनल पातळ करणं.

बोअरवेलच्या पाण्याचे पांढरे डाग वेगळे. त्यावर आधी पाण्यात मिसळलेलं व्हिनेगर किंवा डाग काढायचं तयार रसायन लावून बघा. क्षार विरघळले आणि काम झालं, तर मशीन काढायची गरजच नाही. डागानं क्लिअर कोट खाऊन खळगा पाडला असेल तरच कंपाउंड.

कडक कंपाउंडची खरी गरज तीन ठिकाणी पडते: खोलवर गेलेलं ओरखड्यांचं दाट जाळं, वर्षानुवर्षं उन्हात मंद झालेला रंग, आणि रंगकामानंतर १५०० किंवा २००० नंबरचा वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा कागद, नंबर लहान तितका खरखरीत) मारल्याच्या खुणा. बाकी बहुतेक गाड्यांना मध्यम पॉलिश पुरतं. माझ्या मते घरी काम करणाऱ्या निम्म्याहून जास्त लोकांनी कडक बाटली विनाकारण घेतलेली असते.

३. मशीन आणि पॅड आधी ठरवा

रोटरी मशीनचं पॅड एकाच मध्याभोवती फिरतं. काम झपाट्यानं होतं, पण उष्णताही तितकीच, आणि हात तयार नसेल तर उन्हात दिसणारे धुरकट गोल पट्टे मागे राहतात. ड्युअल ॲक्शन मशीन गोल फिरता फिरता हेलकावेही घेतं, त्यामुळे एका जागी उष्णता साठत नाही. नवख्या माणसानं हेच घ्यावं. १५ मिलिमीटर थ्रोचं (थ्रो म्हणजे हेलकाव्याचा पल्ला) मशीन बॉनेट-दारांना छान, लहान वळणांना ८ मिलिमीटरचं हाताळायला सोपं.

एक तिसरा प्रकार रस्त्याकडेच्या कामात दिसतो: अँगल ग्राइंडरला लोकरीचा टोप. ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे घेतो, तर पॉलिशिंगचं रोटरी १,००० ते २,००० वर चालवतात. क्लिअर जळायला क्षणही पुरतो. असं कोणी गाडीजवळ घेऊन आलं तर चहा पाजून परत पाठवा.

पॅडमध्ये लोकर सगळ्यात जास्त कापते, त्याखालोखाल मायक्रोफायबर, मग कडक फोम, आणि शेवटी मऊ फिनिशिंग फोम. फोमच्या रंगावर जाऊ नका. एका कंपनीचं नारिंगी पॅड कटिंगचं असतं, दुसरीचं पॉलिशिंगचं.

पैशाचा हिशेबही इथेच येतो. मध्यम कंपाउंडनं काम होत नसेल तर नवी बाटली मागवण्याआधी फोमच्या जागी मायक्रोफायबर पॅड लावून बघा. बऱ्याचदा तेवढ्यानं भागतं.

४. आता बाटली

बाटलीवरच्या 'हेवी कट', 'फास्ट कट', 'अल्ट्रा कट' या शब्दांना कंपन्यांमध्ये सामायिक मोजमाप नाही. एकीचं हेवी दुसरीचं मध्यम असू शकतं. नंबरांचंही तसंच. मेन्झर्नाच्या मालिकेत आकडा जितका लहान तितकं कंपाउंड कडक: ३०० सगळ्यात जहाल, ४०० त्याच्या खाली, २४००-२५०० मध्यम, ३५०० आणि ३८०० फिनिशिंगचे. मेग्वायर्सचे आकडे मेन्झर्नाच्या आकड्यांशी जुळवायला जाल तर फसाल. तिथे एम१०५ कटिंगचं आहे आणि एम२०५ फिनिशिंगचं. कोच केमीचं अक्षरांवर चालतं, एच म्हणजे हेवी, एफ म्हणजे फाइन, एम म्हणजे मायक्रो. त्यापेक्षा कामाची ओळ शोधा: हे कंपाउंड किती नंबरच्या पेपरच्या खुणा काढतं. १२०० च्या खुणा काढणारं २००० वाल्यापेक्षा उघडच जास्त कापतं. तुम्ही पेपर मारलेलाच नसेल तर १२०० वाली ताकद तुम्हाला कशाला हवी?

दुसरी गोष्ट कणांची. काही कंपाउंडचे कण घासता घासता फुटून बारीक होतात, म्हणजे सुरुवातीला कापतात आणि शेवटी पॉलिश करतात. यात घाई चालत नाही, मध्येच थांबलात तर धुरकटपणा राहतो. दुसऱ्या प्रकारचे कण आधीपासूनच एकसारखे बारीक असतात आणि शेवटपर्यंत तितकंच कापत राहतात. एम१०५ या जातीचं. त्यात किती कापायचं ते तुम्ही दाब, वेग आणि वेळ यांवर ठरवता. कापतं जोरात, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात लवकर सुकतं आणि धूळ उडवतं. मास्क लावा, काचांच्या रबरांवर मास्किंग टेप मारा, आणि लहान तुकड्यांत काम करा.

तिसरी, चकाकी देणारं तेल आणि मेण. स्वस्त रबिंग कंपाउंडमध्ये ते भरपूर असतं. ओरखडे त्यात बुडतात, गाडी आरशासारखी दिसते आणि चार-पाच धुण्यांनंतर जाळं परत वर येतं. रंगकामाच्या शॉपसाठी असेल तर बाटलीवर 'सिलिकॉन-फ्री' लिहिलेलं बघाच, कारण सिलिकॉनचा अंश राहिलेल्या पत्र्यावर नवा रंग धरत नाही, माशाच्या डोळ्यासारखे खळगे पडतात.

मला विचाराल तर ड्युअल ॲक्शन मशीनवर पहिलं कडक कंपाउंड म्हणून मेन्झर्ना हेवी कट ४०० किंवा त्याच तोडीचं काहीतरी घ्यावं. पुरेसं कापतं आणि मागे फार घोळ ठेवत नाही. ३०० वालं वॉटर पेपर मारणाऱ्यांसाठी सोडा. २५० मिलीची लहान बाटली हॅचबॅकला पुरून उरते. लिटरची स्वस्त पडते हे खरं, पण ती संपेपर्यंत तुमचं मत बदललेलं असेल. सोबत एक फिनिशिंग पॉलिश घ्याच. कडक कंपाउंड एकटं विकत घेणं म्हणजे अर्धंच काम विकत घेणं.

५. एका चौकोनावर निकाल लावा

बॉनेटच्या सपाट भागावर टेपनं साधारण ४५ बाय ४५ सेंटिमीटरचा चौकोन आखा. गाडी सावलीत, पत्रा गार. सुरुवात मुद्दाम मवाळ ठेवा: पॉलिशिंग फोम आणि फिनिशिंग पॉलिश.

पॅडवर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब घ्या. मशीन बंद ठेवून पॅड चौकोनात टेकवत थेंब पसरवा, नाहीतर सुरू करताच भिंतीवर, काचेवर आणि तुमच्या शर्टावर नक्षी उमटेल. सगळ्यात कमी वेगावर एकदा फिरवून घ्या, मग सहापैकी चार-पाचवर वेग न्या. हात सावकाश चालवा, सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर. आधीच्या पट्ट्यावर निम्मा पट्टा चढला पाहिजे. उभं एकदा, आडवं एकदा, असं चार ते सहा वेळा. मशीनच्या बॅकिंग प्लेटवर मार्करनं रेघ मारून ठेवा. रेघ फिरताना दिसली तर पॅड फिरतंय, नुसती थरथरताना दिसली तर दाब जास्त झालाय किंवा पॅड वाकडं टेकलंय.

नजर कंपाउंडवर ठेवा. सुरुवातीला दुधट, ओला पट्टा दिसतो. काम होत जातं तसा तो पातळ होऊन पारदर्शक, किंचित तेलकट फिल्मसारखा उरतो. थांबायची वेळ ती. त्यापुढे कोरडं घासत राहिलात तर आवाज बदलतो, पॅड अडखळतं आणि पत्रा तापतो. उलटा हात पत्र्यावर ठेवून बघा. चटका बसला तर थांबा, गार होऊ द्या.

फिल्म मायक्रोफायबरनं पुसा आणि मग आयसोप्रोपाइल अल्कोहोलचं पातळ द्रावण किंवा पॅनल वाइप फवारून पुन्हा पुसा. तेल निघाल्यावर जे दिसतं तेच खरं. टॉर्च तिरपा धरा.

ओरखडे गेले? मग तुमचं कंपाउंड ठरलं, याहून कडक घेऊ नका. राहिले? तर एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी पॅड कडक करा, मग मध्यम कंपाउंड, मग कडक कंपाउंड त्याच पॅडवर, आणि सगळ्यात शेवटी कडक कंपाउंड मायक्रोफायबरवर. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशानं काम झालं हे कळणार नाही.

गाडीगणिक उत्तर बदलतं. मर्सिडीजनं २००३ च्या अखेरीपासून सूक्ष्म सिरॅमिक कणांचा क्लिअर कोट आणला, त्यावर मवाळ पॉलिश तासभर फिरवूनही ढिम्म हलत नाही. उलट काही जपानी काळ्या गाड्यांचा क्लिअर इतका मऊ की कडक कंपाउंडचे स्वतःचेच ओरखडे उठतात. म्हणून 'त्याच्या गाडीवर मस्त चाललं' या सल्ल्याला फार किंमत देऊ नका. एकाच गाडीच्या री-पेंट केलेल्या दाराला वेगळा चौकोन लागतो, बॉनेटचा निकाल तिथे चालत नाही.

६. बाकी गाडी

ठरलेलं समीकरण तुकड्या-तुकड्यानं पुढे न्या. प्रत्येक तुकड्यानंतर पॅड ब्रशनं झाडा. साचलेलं जुनं कंपाउंड आणि उतरलेलं क्लिअर यांनी पॅड भरलं की ते कापत नाही, फक्त तापतं. दिवसभराच्या कामाला एकाच जातीची तीन-चार पॅड हाताशी हवीत.

कडा, बॉनेटवरची उठावाची रेष, दाराच्या हँडलभोवतीचा भाग, इथे क्लिअर सगळ्यात पातळ असतं. टेप मारा किंवा हातानं करा. बंपरवर वेग कमी, कारण प्लॅस्टिक उष्णता धरून ठेवतं आणि रंग सुरकुततो.

कडक कंपाउंडनंतर गडद रंगावर हलकी धुरकट झाक राहतेच. ती फिनिशिंग फोम आणि बारीक पॉलिशनं काढा, पुन्हा अल्कोहोलनं पुसा आणि त्याच दिवशी वॅक्स, सीलंट किंवा सिरॅमिक कोटिंग चढवा. आधीचं कोटिंग असेल तर ते कंपाउंडनं निघून गेलेलं असतं. नुकत्याच रंगवलेल्या पॅनलवर मात्र वॅक्स किंवा कोटिंग चढवायची घाई नको, आधी किती दिवस थांबायचं ते रंगवणाऱ्यालाच विचारा.