बीपीच्या, फिटच्या गोळीने हिरड्या वाढल्या तर काय करायचं

दोन दातांच्या मधली हिरडी फुगून दातावर चढायला लागली, बहुतेक वेळा समोरच्याच दातांवर, आणि दुखत वगैरे काही नाही, तर आधी रोजच्या गोळ्यांची स्ट्रिप उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचा. बीपीसाठी अॅम्लोडिपिन किंवा निफेडिपिन, फिटसाठी फेनिटॉइन, किडनी ट्रान्सप्लांटवाल्यांना सायक्लोस्पोरिन, यातलं काही दिसलं तर संशय घ्यायला जागा आहे. मी तर टेल्मिसार्टन घेतो असं बरेच जण म्हणतात, पण नावाच्या शेवटी एएम असेल तर त्यात बहुधा अॅम्लोडिपिनपण असतं. सगळ्यांनाच होतं असं नाही, होतं त्यांना बरेचदा गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांत दिसायला लागतं.

गोळी मात्र आपल्या मनाने बंद करायची नाही म्हणजे नाही. फिटची गोळी अचानक सोडली तर फिटवर फिट येऊन जीवावर बेतू शकतं, त्यापेक्षा हिरडी परवडली. स्ट्रिपचा फोटो डॉक्टरांना दाखवा आणि बदलून मिळेल का विचारा, बीपीसाठी दुसऱ्या गटातल्या गोळ्या आहेत, फेनिटॉइनऐवजी लेवेटिरासेटाम, सायक्लोस्पोरिनऐवजी टॅक्रोलिमस देतात, पण कोणाला काय चालेल ते त्यांनीच ठरवायचं.

तोपर्यंत डेंटिस्टकडे स्केलिंग म्हणजे दातांची सफाई करून घ्या, कारण दातांवर कीटण असलं की ही वाढ अजून जोर धरते. रक्त येतं म्हणून लोक तिथे ब्रशच लावत नाहीत, मग अजून सुजते, अजून रक्त येतं! मऊ ब्रश हिरडीच्या कडेला तिरका धरून हळू फिरवायचा, दातांच्या फटीत छोटा इंटरडेंटल ब्रश, आणि मिसरी बंद. डॉक्टरांनी दिलं तर ०.२ टक्के क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश, १० मिली, सकाळ-संध्याकाळ, पेस्टने दात घासल्यावर अर्धा तास थांबून, चूळ भरून थुंकायचं. त्याने दातांवर तपकिरी डाग पडतात, घाबरू नका, क्लिनिंगमध्ये निघतात.

गोळी बदलली तरी हिरडी उतरायला काही महिने जातात, त्यामुळे लगेच कापून टाका म्हणून मागे लागू नका. तरी उरलीच तर भूल देऊन जादाची हिरडी ब्लेडने किंवा लेसरने काढतात, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ते आधीच सांगा. आणि जुनीच गोळी चालू ठेवावी लागली तर परत वाढू शकते, म्हणून दर तीनेक महिन्यांनी क्लिनिंग.

यातली एकही गोळी चालू नसताना हिरड्या सुजल्यात, सोबत ताप, थकवा, अंगावर उगाच काळेनिळे डाग, तर डेंटिस्टची वाट न बघता डॉक्टरांकडे जाऊन सीबीसी ही रक्ताची तपासणी करून घ्या, रक्ताच्या कॅन्सरमध्येपण हिरड्या अशा फुगतात.