एक हात किंवा कमी बोटं असतील तर पेटी-सतार कशी सुरू करायची

क्लासमध्ये "जमेल का हो याला?" असं कुणी विचारलं तर ते तिथंच सोडा. आधी बघा की त्या वाद्यात नेमकी कामं कोणती आहेत. बहुतेक वाद्यांत दोनच, आवाज काढायचा आणि सूर बदलायचा. बोटांवर सूर टाका, आवाजाचं काम मनगट, कोपर नाहीतर पाय करेल.

सुरुवात पेटीने करा, माझं तरी मत तेच. उजवा पंजा नसेल तर डाव्याने सूर आणि उजव्या हाताने भाता, डावखुरे लोक असंच वाजवतात, नवीन काही नाही. भात्याला बोटं लागतच नाहीत, दाब लागतो. भात्याच्या फळीला रुंद मऊ पट्टा लावून घ्या आणि उरलेला हात त्यात सरकवा. आतला भाता हवा साठवून ठेवतो त्यामुळे सूर लगेच तुटत नाही, तेव्हा जोरात हापसू नका, सावकाश, लांब दाब द्या. हात आखूड पडत असेल तर मांडी घालून बसायचा हट्ट नको, पेटी टेबलावर ठेवा, जरा तिरकी करा.

एकच हात असेल तर पायपेटी. संगीत नाटकांच्या साथीला पायाने भाता मारायचे ऑर्गन असायचे आणि सांगलीत, जिथं १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' हे नाटक केलं, तिथं हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. जुना ऑर्गन घेताना मात्र भाता फाटलाय का आणि पायाचे पट्टे तुटलेत का हे बघूनच पैसे द्या. नाहीच मिळाला तर साधा कीबोर्ड.

सतारीला लोक उगाच घाबरतात. डाव्या हाताची मुख्यतः तर्जनी आणि मधलं बोट एवढीच पडद्यांवर चालतात, म्हणजे बाकीची नसली तरी बरंच वाजतं. जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टचा डावा हात १९२८ मध्ये भाजला, दोन बोटांवरच तो गिटारचे सोलो वाजवायचा. उजव्या हाताला बोटं नसतील तर चामड्याच्या पट्ट्यावर नखी (तार छेडायची तारेची कडी) बसवून तो मनगटाला बांधायचा. डाव्या हाताला अजिबात बोटं नसतील तर पडदे सोडा आणि विचित्र वीणेसारखं वाद्य आडवं ठेवून तारेवर काचेचा बट्टा सरकवायचा, बट्टा हाताला बांधता येतो.

हे सगळं ऑनलाइन मागवत बसण्यापेक्षा मिरजेत सतारमेकर गल्लीत जा. जाण्याआधी घरी पुठ्ठा आणि चिकटपट्टीने पट्टा करून बघा, कुठं घासतंय त्यावर पेनाने खूण करा आणि तोच पुठ्ठा कारागिराला दाखवा, नुसतं तोंडी सांगून माप बसत नाही. तारा जरा बारीक लावायला सांगा, दाब कमी लागतो. रॉक गिटारवादक टोनी आयोमीने १९६५ मध्ये बोटांची टोकं गेल्यावर हेच केलं, हलक्या तारा आणि वर प्लास्टिकची घरी बनवलेली टोपणं.

सुरुवातीला दहा-दहा मिनिटंच वाजवा. पट्टा काढल्यावर कातडी बघा, लाली थोड्या वेळात गेली तर ठीक, राहिली किंवा फोड आला तर पट्ट्याच्या आत मऊ सुती कापड घाला आणि जखम भरेपर्यंत तंबोरा घ्या, त्याच्या चार तारा छेडायला एकच हात पुरतो.